इंजिन ऑइल स्वस्तात कोठे घ्यावे आणि डबा केवढा घ्यावा?

पर्वतीकर (२ नोव्हेंबर, रात्री ९:१०)

माझ्याकडे एक पेट्रोल हॅचबॅक आहे. गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे तिला फिल्टरसह ३.१ लिटर इंजिन ऑइल लागते. वॉरंटी संपल्यामुळे या वर्षीपासून ऑइल स्वतः विकत घेऊन ओळखीच्या मेकॅनिककडून बदलून घ्यायचे ठरवले आहे. मात्र डब्याचा आकार कोणता घ्यावा, हे काही केल्या ठरत नाही.

पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचे एकाच कंपनीचे ऑइल मला पुढील भावांनी मिळते आहे. ३.५ लिटरचा डबा दिवाळीनंतरच्या सवलतीत १,५७५ रुपयांना, म्हणजे लिटरला ४५० रुपये पडतात. ३ लिटरचा डबा नाना पेठेतील दुकानात १,४७० रुपयांना, म्हणजे लिटरला ४९०. एक लिटरची सुटी बाटली ५४० रुपयांना. सर्व्हिस सेंटर मात्र पिंपातून मोजून ऑइल भरते आणि बिल बरोबर ३.१ लिटरचे करते. तेथे दर लिटरला ६२० असल्यामुळे नुसत्या ऑइलचे १,९२२ रुपये होतात.

लिटरच्या दराने पाहिले तर ३.५ लिटरचा डबा सर्वांत स्वस्त आहे, परंतु त्यातले ४०० मिली उरणार आणि त्याचे काय करायचे हे मला ठाऊक नाही. ३ लिटरचा डबा घेतला तर १०० मिली कमी पडते, आणि तेवढ्यासाठी लिटरची बाटली घेतली तर खर्च २,०१० रुपयांवर जाऊन सर्व्हिस सेंटरच स्वस्त ठरते. आपण सर्वजण हा हिशेब कसा करता?

अंकगणित (२ नोव्हेंबर, रात्री ९:४८)

आपल्या आकड्यांत एक सुंदर योग दडलेला आहे. पहिल्या वर्षी ३.५ लिटरचा डबा घ्यावा, म्हणजे ४०० मिली उरते. पुढची चार वर्षे ३ लिटरचा डबा घेऊन दर वर्षी उरलेल्यातले १०० मिली घालावे. ३.५ अधिक चार वेळा ३ म्हणजे १५.५ लिटर, आणि पाच वेळा ३.१ म्हणजेही बरोबर १५.५ लिटरच. एक थेंबही वाया जात नाही. पाच वर्षांचा खर्च ७,४५५ रुपये होतो. दर वर्षी ३.५ लिटरचाच डबा घेतला तर तो ७,८७५ होईल आणि सर्व्हिस सेंटरमध्ये ९,६१० होईल. अर्थात भाव आजचेच राहतील असे यात धरले आहे.

घर्षण (२ नोव्हेंबर, रात्री १०:३०)

अंकगणित यांचा हिशेब अचूक आहे, पण मी यंत्र अभियंता असल्यामुळे एक आक्षेप नोंदवतो. पहिल्या दोन पर्यायांतला फरक पाच वर्षांत ४२० रुपयांचा, म्हणजे वर्षाला ८४ रुपयांचा आहे. तेवढ्यासाठी उघडलेला डबा चार-पाच वर्षे ठेवणे मला पटत नाही. सीलबंद ऑइल थंड आणि कोरड्या जागी काही वर्षे चांगले राहते. परंतु एकदा सील फोडले की प्रत्येक उघडझाकीबरोबर दमट हवा आणि धूळ आत जाते. झाकण घट्ट लावून, त्यावर तारीख लिहून, वर्षभरात वापरून टाकावे असे मी सांगेन.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे १०० मिली मुळात लागतच नाहीत. ड्रेन नट उघडून सगळे ऑइल काढले तरी चेंबरच्या कोपऱ्यांत आणि इंजिनाच्या आतल्या वाटांत थोडे जुने ऑइल राहतेच. शिवाय ऑइलची पातळी पाहायच्या काडीवरच्या खालच्या आणि वरच्या खुणांमधले अंतर बहुतेक गाड्यांत पाऊण ते एक लिटरचे असते. म्हणजे ३ लिटर भरले तर पातळी वरच्या खुणेच्या किंचित खाली येईल, आणि दोन खुणांच्या मध्ये कोठेही असलेली पातळी योग्यच असते. पर्वतीकर यांनी सरळ ३ लिटरचा डबा घ्यावा. लिटरला ४० रुपये जास्त पडले तरी प्रत्येक बदलाला १०५ रुपये कमीच लागतात.

बार्शीचा_बाळ (३ नोव्हेंबर, सकाळी ७:१५)

घर्षण साहेबांशी मी पूर्णपणे सहमत आहे. उलट ३.५ लिटरच्या डब्याचा खरा धोका मी अनुभवला आहे. ३.२ लिटर क्षमतेची माझी गाडी मी गावातल्या एका गॅरेजमध्ये सोडून कामाला गेलो आणि परत आलो तेव्हा डबा पूर्ण रिकामा होता. काडीवर पातळी वरच्या खुणेच्या बरीच वर होती. मुलाने सांगितले की, "साहेब, तुमचेच ऑइल होते, म्हणून सगळे घातले." त्याने ते प्रामाणिकपणेच केले होते. दुसऱ्या मेकॅनिककडे जाऊन जादा ऑइल काढून घ्यावे लागले. डबा मोठा असेल तर मापाच्या खुणा पाहून किती भरायचे ते आधीच सांगावे आणि भरताना समोर उभे राहावे.

घर्षण (३ नोव्हेंबर, सकाळी ८:०२)

बाळ यांनी सांगितलेली चूक फार सर्रास होते. पातळी खूप वर गेली की फिरणारा क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, ऑइलात आपटतो आणि ते घुसळून त्याला फेस येतो. फेसाळलेले ऑइल पंपाला नीट उचलता येत नाही, त्यामुळे ऑइल भरपूर असूनही वंगण कमी पडते. शिवाय आतला दाब वाढून सीलांमधून गळती सुरू होऊ शकते.

दोनचाकी (३ नोव्हेंबर, सकाळी ९:२०)

पर्वतीकर यांच्याकडे मोटरसायकल असेल तर उरलेले ४०० मिली तिच्यात का घालू नये? ऑइल शेवटी ऑइलच असते, आणि ग्रेडही जवळपास सारखीच दिसते.

मीनल_नाशिक (३ नोव्हेंबर, सकाळी १०:०५)

दोनचाकी, कृपया असे करू नये. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिनाच्याच ऑइलात भिजलेला असतो. कारच्या ऑइलात घर्षण कमी करणारी द्रव्ये असू शकतात आणि त्यामुळे क्लच घसरू लागतो. म्हणून मोटरसायकलच्या बाटलीवर जासो या जपानी मानकाची खूण, एमए किंवा एमए२ असे लिहिलेले पाहावे. आपल्याकडच्या गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो, म्हणून तिच्यासाठी जासो एमबी असते. मी माझ्या स्कूटरचे ऑइल गेली काही वर्षे घरीच बदलते, त्यामुळे हे फरक सवयीचे झाले आहेत.

आता डब्याच्या आकाराविषयी. दुचाकीच्या ऑइलात ८०० मिली, ९०० मिली आणि एक लिटर अशा तिन्ही बाटल्या दुकानात शेजारी शेजारी उभ्या असतात, आणि त्यांची उंची इतकी सारखी असते की घाईत फरक कळत नाही. यासाठी वेष्टनावरचा एकक दर वाचायची सवय लावून घ्यावी. वेष्टित वस्तूंच्या नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीमुळे छापील किमतीबरोबर एकक दरही छापावा लागतो. त्यात एक मेख आहे. एक लिटरपेक्षा कमी मापावर हा दर प्रति मिलिलिटर असतो आणि एक लिटरपेक्षा जास्त मापावर प्रति लिटर असतो. समजा, ९०० मिलीच्या बाटलीची छापील किंमत ३७८ रुपये आहे, तिच्यावर ०.४२ रुपये असा दर दिसेल. तो १,००० ने गुणला की लिटरला ४२० रुपये होतात. शेजारची लिटरची बाटली ४०५ रुपयांना असेल तर लिटरच्या हिशेबाने तीच स्वस्त आहे, पण पहिल्या दृष्टीला ३७८ हा आकडा लहान वाटतो.

तरीही माझा निर्णय घर्षण यांच्यासारखाच आहे. ज्या मोटरसायकलला ९०० मिलीच लागते तिच्यासाठी ९०० मिलीचीच बाटली घ्यावी, कारण उरलेल्या १०० मिलीसाठी दर वेळी २७ रुपये मोजण्यात अर्थ नाही. गाडी जुनी असून ऑइल पीत असेल, तर मात्र लिटरची बाटली घ्यावी. मधल्या काळात भर घालायला उरलेले उपयोगी पडते.

जुनी_पेठ (३ नोव्हेंबर, दुपारी १२:४०)

मीनलताईंचा मुद्दा मोलाचा आहे. त्याला एवढीच पुस्ती जोडतो की एकक दर हा छापील किमतीवर काढलेला असतो, विक्रीच्या भावावर नव्हे. दोन कंपन्यांच्या डब्यांवर छापील किंमत सारखी असली तरी दुकानदाराला एकावर जास्त मार्जिन असते आणि तो त्यावर जास्त सूट देऊ शकतो. म्हणून सुटीचे टक्के ऐकून भुलू नये. हातात पडणाऱ्या भावाला आपल्या गाडीच्या मापाने तपासावे.

पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउसचा परिसर किंवा कुर्ल्याचा सीएसटी रस्ता, येथील सुट्या भागांच्या दुकानांत चार ठिकाणी भाव विचारला तर छापील किमतीपेक्षा बराच कमी भाव मिळतो. मी फोनवर आधी विचारतो, कारण त्याच भागातल्या दोन दुकानांत एकाच डब्याला दीडशे रुपयांचा फरक पाहिला आहे. जीएसटीचे पक्के बिल मात्र सोडू नये. छापील किमतीत १८ टक्के कर धरलेलाच असतो, त्यामुळे "बिल हवे असेल तर कर वेगळा लागेल" असे कोणी म्हणाला आणि छापील किमतीच्या वर गेला तर ते नियमाविरुद्ध आहे.

घर्षण (३ नोव्हेंबर, दुपारी २:१५)

भावाची चर्चा छान रंगली आहे, पण एक गोष्ट भावाच्या आधी यायला हवी. डब्यावरची श्रेणी पाहिल्याशिवाय दोन डब्यांची तुलनाच होऊ शकत नाही. पेट्रोल गाड्यांसाठी एपीआय या अमेरिकी संस्थेची एसएल श्रेणी २००१ ची, एसएन २०१० ची आणि एसपी २०२० ची आहे. पेट्रोलच्या बाबतीत नवी श्रेणी जुन्या गाडीला चालते, जुनी श्रेणी नव्या गाडीला चालेलच असे नाही. एखादा डबा फारच स्वस्त वाटला तर प्रथम मागे वळवून श्रेणी वाचावी. पुष्कळदा तेथेच उलगडा होतो. ज्या इंजिनाला ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ असे पातळ ऑइल सांगितले आहे, त्यात स्वस्त मिळाले म्हणून २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल घालू नये. थंड इंजिन सुरू करताना जाड ऑइल वरपर्यंत पोहोचायला वेळ घेते आणि इंधनही जास्त लागते.

डिझेलवाल्यांनी तर विशेष काळजी घ्यावी. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराड्याच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी असते. साध्या ऑइलातल्या धातुयुक्त द्रव्यांची राख त्या गाळणीत साचते, आणि काजळी जळून जाते तशी ही राख जळत नाही. म्हणून पुस्तिकेत एसीईए या युरोपीय संस्थेच्या श्रेणीतले सी२, सी३ असे कमी राखेचे ऑइल सांगितले असेल तर तेच घ्यावे. ऑइलात वाचवलेले चारशे रुपये त्या गाळणीच्या किमतीपुढे काहीच नाहीत.

शिवार (३ नोव्हेंबर, रात्री ८:५५)

मी सांगली जिल्ह्यातला शेतकरी आहे. आमच्याकडे डब्याचा प्रश्न वेगळ्या मापात येतो. माझ्या ट्रॅक्टरला साडेसात लिटर ऑइल लागते आणि बाजारात साडेसात लिटरचा डबाही मिळतो. कंपन्यांनी तो अशाच ट्रॅक्टरांसाठी काढला असावा असे मला वाटते. पुस्तिकेप्रमाणे दर २५० तासांनी ऑइल बदलायचे. उसाचा हंगाम सुरू झाला आणि ट्रॉली कारखान्याला लागली की तास भराभर भरतात, आणि हंगामातच दोनदा बदलायची वेळ येते.

म्हणून मी हंगामाच्या तोंडाला वीस लिटरची बादली घेतो. त्यात दोन बदल होतात आणि पाच लिटर उरतात, तेही १५डब्ल्यू-४० असल्यामुळे विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला चालतात. बादलीत लिटरमागचा भाव साडेसातच्या डब्यापेक्षा कमी पडतो, आणि रिकामी बादली घरात वर्षानुवर्षे कामाला येते, हा हिशेब आमच्याकडे प्रत्येक जण मनात धरतोच. तिच्यात प्यायचे पाणी किंवा धान्य मात्र ठेवू नये; आम्ही ती अवजारांना आणि शेणखताला वापरतो.

एक सूचना मात्र करतो. हायड्रॉलिक आणि गिअरचे ऑइल वेगळे असते आणि त्याची बादलीही तशाच रंगाची असू शकते. माझ्या चुलत्यांनी अंधारात एकदा गिअरचे ऑइल इंजिनात ओतले आणि सगळे काढून टाकावे लागले. आम्ही आता बादलीवर पांढऱ्या रंगाने मोठे अक्षर लिहितो.

मिरकरवाडा (३ नोव्हेंबर, रात्री १०:२०)

शिवार यांच्या बादलीच्या पुढची पायरी म्हणजे २१० लिटरचे पिंप. रत्नागिरीत आम्ही चार ट्रॉलरवाले मिळून ते घेतो, कारण आमच्या सहा सिलिंडरच्या इंजिनाला एका वेळी वीस लिटरहून जास्त ऑइल लागते. पिंपात लिटरचा भाव सर्वांत कमी पडतो, परंतु ते ठेवायची अक्कल नसेल तर सगळा फायदा पाण्यात जातो, आणि हे मी शब्दशः सांगतो आहे.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या काळात आमचे अर्धे पिंप शेडबाहेर उभे राहिले होते. उभ्या पिंपाच्या वरच्या पत्र्यावर पावसाचे पाणी साचते. दिवसा उन्हाची तिरीप आली की आतली हवा प्रसरण पावून बुचाच्या आट्यांतून बाहेर पडते, आणि रात्री गार झाले की पिंप आत श्वास घेते. त्या श्वासाबरोबर साचलेले पाणीही आत जाते. बूच घट्ट असले तरी हे होते. ऑगस्टमध्ये काढलेले ऑइल दुधासारखे पांढरट निघाले आणि चौघांचे मिळून साठ लिटर टाकून द्यावे लागले. त्यानंतर आम्ही पिंप छपराखाली आडवे ठेवतो, आणि दोन्ही बुचे घड्याळाच्या तीन आणि नऊच्या जागी येतील असे ठेवतो. त्यामुळे बुचे आतून ऑइलाखाली राहतात आणि बाहेरची हवा आत येत नाही. कोकणात ज्यांना मोठे माप घ्यायचे असेल त्यांनी आधी जागा पाहावी आणि मग भाव पाहावा.

वसई_टूर्स (४ नोव्हेंबर, सकाळी ६:४०)

माझ्या सहा सीएनजी टॅक्सी आहेत, सर्व एकाच इंजिनाच्या, आणि योगायोगाने पर्वतीकर यांच्या गाडीप्रमाणेच प्रत्येकीला ३.१ लिटर लागते. सहा गाड्यांचे १८.६ लिटर होतात, म्हणजे वीस लिटरच्या एका बादलीत सहाही गाड्यांचा एक फेरा पूर्ण होतो आणि १.४ लिटर भर घालायला राहते. प्रत्येक गाडी वर्षाला साधारण ५०,००० किलोमीटर धावते, आम्ही १०,००० किलोमीटरला बदलतो, म्हणजे वर्षाला तीस बदल आणि ९३ लिटर. माझ्या विक्रेत्याकडे बादलीचा भाव लिटरला ४०० पडतो. ३ लिटरच्या डब्याच्या ४९० रुपयांशी तुलना केली तर वर्षाला ८,३७० रुपये वाचतात. माझ्यासारख्या माणसाला ती रक्कम लहान नाही. एका गाडीचे दोन टायर त्यात येतात.

बादली साधारण अडीच महिन्यांत संपत असल्यामुळे उघडे ऑइल टिकण्याचा प्रश्नही येत नाही. ज्याच्याकडे एकच गाडी आहे त्याने मात्र बादलीच्या वाटेला जाऊ नये.

सह्यकडा (४ नोव्हेंबर, सकाळी ९:३०)

वसई टूर्स यांचे मी समजू शकतो, परंतु एक गाडी असलेल्या माणसाने वर्षाला शंभर-दोनशे रुपयांसाठी एवढा खल का करावा? सर्व्हिस सेंटरमध्ये ३.१ लिटरचेच बिल होते, उरण्याचा प्रश्न नाही, नकली असण्याची भीती नाही आणि सर्व्हिसच्या नोंदीत सगळे येते. गाडी विकताना त्या नोंदीची किंमत मिळते.

पर्वतीकर (४ नोव्हेंबर, सकाळी १०:१०)

सह्यकडा, आपला मुद्दा मी मनापासून विचारात घेतला. माझ्यासाठी फरक ऑइलपुरता ४५२ रुपयांचा आहे आणि मजुरीचा फरक धरला तर त्याहून जास्त. त्याशिवाय मला आपल्या गाडीत काय जाते हे डोळ्यांनी पाहायचे आहे. नकली मालाची भीती मात्र खरी आहे आणि ३.५ लिटरच्या सवलतीवर मी त्यामुळेच अडखळलो आहे. कोणाला अनुभव आहे का?

खडकी_स्टेशन (४ नोव्हेंबर, सकाळी ११:४५)

मला आहे. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून निम्म्या किमतीत मिळालेला डबा मी आनंदाने घेतला होता. डबा हातात आल्यावर झाकणाचे सील सैल वाटले, लेबलाच्या कडा उचकटलेल्या होत्या, आणि बाटलीवरचा बॅच क्रमांक बाहेरच्या खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळत नव्हता. मी तो उघडला नाही. कंपनीला छायाचित्रे पाठवली, तेव्हा त्यांनी तो बॅच क्रमांक आपला नसल्याचे कळवले. विक्रेता पैसे परत द्यायला टाळाटाळ करत होता. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार नोंदवल्यानंतर पैसे मिळाले.

आता मी ऑनलाइन घ्यायचेच असेल तर विक्रेत्याचे नाव पाहतो, आणि कंपनीच्या स्वतःच्या किंवा अधिकृत विक्रेत्याच्या पानावरूनच घेतो. डबा उघडताना सुरुवातीपासून चित्रफीत काढतो.

रंकाळा_गॅरेज (४ नोव्हेंबर, दुपारी ३:३०)

मी कोल्हापुरात गॅरेज चालवतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. नकली ऑइलाचा धंदा आपल्याच रिकाम्या डब्यांवर चालतो. भंगारवाला झाकणासकट अखंड डब्याला जास्त पैसे देतो, यातच सगळे आले. आमच्याकडे ऑइल ओतून झाले की डब्याला स्क्रू-ड्रायव्हरने दोन भोके पाडतो आणि लेबल फाडतो. आपण घरी बदलत असाल तर आपणही हेच करावे.

गिऱ्हाइकाने स्वतःचे ऑइल आणले तर मला वाईट वाटत नाही. परंतु पुष्कळ गॅरेजवाल्यांची मजुरी मुळात कमी असते आणि ऑइलातल्या मार्जिनवर त्यांचा दिवस चालतो, हे समजून घ्यावे. ऑइल आपले असेल तर मजुरी नीट द्यावी आणि ती आधी ठरवावी. काही डब्यांच्या झाकणाखाली मेकॅनिकसाठी कूपन असते. ते मेकॅनिकला द्यावे, अशी माझी विनंती आहे. माझ्याकडचा मुलगा ती कूपने जमवून आपल्या बहिणीच्या पुस्तकांना लावतो.

जळके ऑइल कोणी घरी नेऊ नये आणि गटारात तर कधीच ओतू नये. ते घातक कचऱ्यात मोडते. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या ऑइलाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवरही टाकली आहे. नोंदणी असलेला संकलक आमच्याकडून ते घेऊन जातो आणि पावती देतो.

ह्यूस्टनकर (४ नोव्हेंबर, रात्री ८:२०)

रंकाळा गॅरेज यांच्या शेवटच्या मुद्द्यावरून लिहितो. येथे अमेरिकेत सुट्या भागांची मोठी दुकाने वापरलेले ऑइल विनामूल्य परत घेतात, त्यामुळे घरी ऑइल बदलणारे पुष्कळ आहेत. ज्या मोठ्या डब्यात नवे ऑइल आणले त्यातच जुने भरून परत नेता येते.

मापाची गोष्टही सांगण्यासारखी आहे. येथे एक क्वार्ट म्हणजे ०.९४६ लिटरची बाटली आणि पाच क्वार्टचा, म्हणजे ४.७३ लिटरचा डबा, ही दोन मापे सर्वत्र दिसतात. पाच सुट्या बाटल्यांपेक्षा पाच क्वार्टचा डबा इतका स्वस्त असतो की चार क्वार्ट लागणारी गाडी असली तरी लोक डबाच घेतात. घाऊक सभासदांच्या दुकानात असे दोन डबे एका खोक्यात मिळतात. माझ्या गाडीला साडेचार क्वार्ट लागतात. दोन डब्यांत दोन बदल होऊन एक क्वार्ट उरते आणि ते मी भर घालायला ठेवतो. कंपन्या वर्षातून काही वेळा खरेदीची पावती पाठवल्यावर पैसे परत देतात, तेव्हाच मी वर्षाचे ऑइल घेऊन ठेवतो. भारतातल्या भावाशी तुलना करताना क्वार्टला लिटर समजू नये, एवढेच सांगतो. माझ्या भावाशी फोनवर याच चुकीमुळे बराच वाद झाला होता.

दोनचाकी (४ नोव्हेंबर, रात्री ९:००)

मीनलताई, आपल्या उत्तराबद्दल आभारी आहे. मी खरोखरच भावाच्या गाडीचे उरलेले ऑइल माझ्या मोटरसायकलमध्ये घालणार होतो. आज जासो एमए२ लिहिलेली ९०० मिलीची बाटली घेऊन आलो.

अंकगणित (४ नोव्हेंबर, रात्री ९:४०)

घर्षण यांचा काडीच्या खुणांविषयीचा मुद्दा मी ध्यानात घेतला नव्हता. माझ्या पाच वर्षांच्या योजनेपेक्षा नुसता ३ लिटरचा डबा दर वर्षी घेतला तर पाच वर्षांत ७,३५० रुपये होतात, म्हणजे माझ्या योजनेहून १०५ रुपये कमीच. माझी योजना मी मागे घेतो.

पर्वतीकर (९ नोव्हेंबर, सायंकाळी ६:३०)

काल ऑइल बदलले, म्हणून कळवतो. नाना पेठेतील दुकानातून पक्क्या बिलावर ३ लिटरचा डबा १,४७० रुपयांना घेतला. फिल्टर आणि ड्रेन नटाचा नवा वॉशर वेगळा. उत्पादनाची तारीख तीन महिन्यांपूर्वीची होती आणि श्रेणी एसपी होती. इंजिन थोडे गरम करून जुने ऑइल पूर्ण निथळू दिले, पूर्ण डबा भरला, दोन मिनिटे इंजिन चालवले आणि पाच मिनिटे थांबून सपाट जागेवर काडी पाहिली. पातळी वरच्या खुणेच्या जेमतेम दोन-तीन मिलिमीटर खाली आली. वरचे १०० मिली लागलेच नाहीत. मेकॅनिकला ठरलेली मजुरी आणि झाकणाखालचे कूपन दिले, आणि डब्याला भोके माझ्याच हाताने पाडली.

मीनलताई, बाबांच्या स्कूटरला बदलताना ७०० मिली लागते, आणि दुकानात एमबी लिहिलेली सर्वांत लहान बाटली ८०० मिलीचीच मिळाली. उरलेल्या १०० मिलीचे काय करावे?

मीनल_नाशिक (९ नोव्हेंबर, सायंकाळी ७:१०)

झाकण घट्ट लावून, तारीख लिहून, देवघराच्या तेलापासून दूर ठेवावे. महिन्यातून एकदा काडी पाहावी आणि पातळी उतरली तर त्यातलेच घालावे. पुढच्या बदलापर्यंत लागले नाही तर मेकॅनिकच्या जळक्या ऑइलाच्या पिंपात ओतावे. स्टँडच्या बिजागरीला आणि सायकलच्या साखळीलाही ते चालते. माझे बहुधा तेथेच संपते.